घड्याळाचा तास आणि नांगराचा तास

‘तास’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राबतो. एक तास घड्याळात सरतो आणि दुसरा नांगराच्या फाळामागे जमिनीत उमटतो. ट्रॅक्टर चालवायला लागल्यानंतरची पहिली काही वर्षे मी डिझेलचा हिशेब घड्याळाच्या तासाने मांडत असे, आणि त्यात काही चुकते आहे अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. तासाला किती लिटर लागते, हाच प्रश्न सगळे एकमेकांना विचारतात. समोर डॅशबोर्डवर तासांचा मीटर असतो, टाकी किती रिकामी झाली ते दिसते, भागाकार केला की उत्तर हातात येते. पुढे कळले की जुन्या ट्रॅक्टरांवरचा हा यांत्रिक मीटर घड्याळाला नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांना जोडलेला असतो. इंजिन ठरावीक गतीने फिरत असेल तेव्हाच त्याचा तास साठ मिनिटांचा भरतो. रेस कमी ठेवली की मीटरवर तास पुरा होईपर्यंत मनगटावरचे घड्याळ बरेच पुढे निघून गेलेले असते. म्हणजे ज्या तासाने मी डिझेल मोजत होतो, तो घड्याळाचाही नव्हता आणि जमिनीचा तर नव्हताच.

ज्यांच्याकडून मी ट्रॅक्टर शिकलो ते माझे मामा एक वही ठेवत. तीत शेत, तारीख, अवजार, खोली, गियर आणि डिझेल असे रकाने होते; तासांचा रकाना नव्हता. मी एकदा विचारले, “मामा, यात तास कुठं लिहिता?” ते म्हणाले, “तास लिहून काय करू? जमीन किती झाली ते लिहिलंय की.” त्यांची मोजण्याची पद्धत साधी आणि चिवट होती. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करायचा, टाकी गळ्यापर्यंत भरायची, फेस बसेपर्यंत थांबून पुन्हा थेंब-थेंब भरायची, मग शेतात जायचे. काम संपल्यावर त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ट्रॅक्टर उभा करायचा आणि खुणा केलेल्या कॅनने टाकी पुन्हा गळ्यापर्यंत आणायची. कॅनमधून जितके गेले तितके त्या शेताने खाल्ले. एखाद्या डिजिटल काट्यापेक्षा या कंटाळवाण्या पद्धतीवर माझा आजही अधिक विश्वास आहे, कारण तीत चूक झाली तर ती कुठे झाली हे आपल्याला ठाऊक असते.

घड्याळाचा तास फसवतो कसा, हे दोन आकड्यांत दिसते. समजा एक चालक तासाला 6 लिटर जाळतो आणि तेवढ्या वेळात 0.3 हेक्टर नांगरतो. दुसरा तासाला 8 लिटर जाळतो, पण 0.5 हेक्टर नांगरतो. तासाच्या हिशेबाने पहिला काटकसरी आणि दुसरा उधळ्या ठरतो. जमिनीच्या हिशेबाने पहिल्याला हेक्टरी 20 लिटर लागतात आणि दुसऱ्याला 16. मी बरीच वर्षे पहिला चालक होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो. ट्रॅक्टर नुसता सावलीत घरघरत ठेवला तर तासाचा आकडा सगळ्यात उत्तम येतो, एवढे लक्षात आल्यावर तरी ते मोजमाप मी टाकून द्यायला हवे होते.

यंत्राबद्दलचे दावे आणि यंत्राचे काम यांत अंतर असते, हे शेतकऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात 1919 साली असा कायदा झाला की कोणत्याही ट्रॅक्टरची तेथे विक्री होण्यापूर्वी त्या नमुन्याची चाचणी झालीच पाहिजे. त्यामागे विल्मॉट क्रोझियर हे शेतकरी असलेले आमदार होते, ज्यांनी खरेदी केलेल्या ट्रॅक्टरने त्यांना मनस्ताप दिला होता. 1920 पासून सुरू झालेल्या त्या चाचण्यांमध्ये इंजिनाची शक्ती, ओढ आणि इंधन हे सारे तपासले जाऊ लागले. अशा चाचण्यांचे आकडे वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आज ओढीची चाचणी काँक्रीटच्या पट्ट्यावर होते, आणि काँक्रीट कधी ओले होत नाही, भेगाळत नाही, चाकाखाली दबतही नाही. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायला तो आकडा उत्तम आहे; माझ्या शेतात किती डिझेल लागेल हे सांगायला तो बांधील नाही.

मग नांगरटीला मुळात ऊर्जा लागते तरी किती? हा हिशेब मी एका पावसाळी दुपारी वहीच्या शेवटच्या पानावर मांडला होता आणि अजूनही तो मला गोंधळात टाकतो. मध्यम ते भारी जमिनीत पलटी नांगर ओढताना कापल्या जाणाऱ्या मातीच्या दर चौरस सेंटिमीटरला 7 न्यूटन ओढ लागते असे धरले, आणि खोली 20 सेंटिमीटर ठेवली, तर एक मीटर रुंदीच्या पट्ट्याला 14 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टनाच्या वजनाइतकी ओढ पडते. एक मीटर रुंदीने हेक्टर पुरा करायला 10 किलोमीटर चालावे लागते. 14 किलोन्यूटन गुणिले 10 किलोमीटर, म्हणजे 140 मेगाज्यूल. डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्या हिशेबाने चार लिटरांत हेक्टर नांगरून व्हायला हवा. प्रत्यक्षात अशा नांगरटीला 20 लिटरांच्या आसपास लागतात. पाचांतले चार लिटर फाळापर्यंत पोहोचतच नाहीत.

त्यातले बहुतेक इंजिनातच उष्णता होऊन जातात. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची 1897 साली चाचणी झाली तेव्हा इंधनातील सुमारे 26 टक्के ऊर्जा कामाला आली होती, आणि त्या काळी तो पराक्रम होता. आजची ट्रॅक्टरची इंजिने सर्वांत सोयीच्या भारावर 35 ते 40 टक्क्यांपर्यंत जातात, पण शेतातला भार दिवसभर सोयीचा राहत नाही, म्हणून 30 टक्के धरले तरी ठीक. त्यानंतर गिअरबॉक्स, मागचा धुरा आणि मुख्य म्हणजे माती आणि टायर यांच्यामधली झटापट आणखी तिसरा हिस्सा खाऊन टाकते. उरतो तो पाचवा भाग.

त्या पाचव्या भागाचे काय होते, हे तर आणखी विचित्र आहे. एका हेक्टरवर 20 सेंटिमीटर खोलीची माती म्हणजे 2,000 घनमीटर, वजनात अडीच ते तीन हजार टन. एवढी माती आपण उलथवतो म्हटल्यावर डिझेल लागणारच, असे मला वाटायचे. पण ती सारी माती सरासरी 10 सेंटिमीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा काढली, तर ती तीन मेगाज्यूलही भरत नाही. डिझेलच्या मापाने पाऊण शेराचाही प्रश्न नाही, जेमतेम दोन-चार घोटांचा आहे. म्हणजे उचलण्याला जवळजवळ काहीच लागत नाही. उरलेले सगळे काम कापण्यात, चुरण्यात आणि फाळाच्या व माती पलटणाऱ्या पंखाच्या पृष्ठभागावर माती घासण्यात जाते. फाळ बोथट झाला किंवा पंखाला माती चिकटू लागली की डिझेल का वाढते, हे तेव्हा मला खऱ्या अर्थाने समजले. मामा हंगामाच्या शेवटी पंखाला तेल लावून ठेवत, ते मला नुसते टापटिपीचे लक्षण वाटत आले होते.

याच हिशेबातून आणखी एक आकडा निघतो, जो मी ट्रॅक्टरवर बसताना विसरत नाही. खोली एक सेंटिमीटरने वाढली की जमिनीत 7 मेगाज्यूल जास्त लागतात, आणि पाचवाच भाग फाळापर्यंत पोहोचतो म्हणून इंधनाच्या टोकाला 35, म्हणजे हेक्टरी एक लिटर. दर सेंटिमीटरला एक लिटर. आणि खालचा थर वरच्यापेक्षा घट्ट असतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिकच. मी वीस सेंटिमीटर नांगरतो असे सांगत असे. मामांनी एकदा मला खाली उतरवून, तासाच्या कडेला काठी धरून दहा ठिकाणी मोजायला लावले, तेव्हा ती खोली तेवीस-चोवीस निघाली. पिकाला त्या तीन-चार सेंटिमीटरांची काही गरज नव्हती. खोल नांगरले म्हणजे चांगले नांगरले, ही समजूत माझ्या हातात इतकी मुरली होती की लिफ्टचा दांडा आपोआप खाली सरकत असे. घट्ट थर फोडायचा असेल तर खोल जाण्याला अर्थ आहे; पण तो थर आहे का, कुठे आहे, हे खड्डा खणून पाहिल्याशिवाय दरवर्षी खोल जाणे म्हणजे निदान न करता औषध देणे.

खोलीचा प्रश्न निघाला की हॅरी फर्ग्युसन यांचे नाव घ्यावे लागते. 1920 च्या दशकात त्यांनी विकसित केलेली आणि 1939 च्या फोर्ड 9एन ट्रॅक्टरमुळे सर्वदूर पोहोचलेली, अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडणारी तीन बिंदूंची जोडणी आज आपण इतकी गृहीत धरतो की तिच्यातली चतुराई दिसत नाही. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढला जायचा. या जोडणीने तो ट्रॅक्टरचाच अवयव झाला. फाळावर येणारी ओढ हायड्रॉलिकला, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजार उचलणाऱ्या यंत्रणेला जाणवते, ती वाढली की हायड्रॉलिक नांगराला किंचित वर घेते आणि त्याबरोबर नांगराचे वजन मागच्या चाकांवर येते. ज्या क्षणी पकड सर्वांत जास्त हवी असते, त्याच क्षणी चाकावर वजन येते. त्यामुळे हलका ट्रॅक्टर जड ओढ पेलू शकतो. कितीतरी चालक हा ड्राफ्ट कंट्रोलचा, म्हणजे ओढीप्रमाणे नांगर वर-खाली करण्याचा दांडा बसवलेल्या जागेवरून वर्षानुवर्षे हलवत नाहीत. मीही त्यांतलाच एक होतो.

आता रेस आणि गियर. मला इंजिनाचा आवाज आवडतो, हे आधी कबूल केलेले बरे. पूर्ण रेसवर इंजिन गर्जत असताना काम जोरात चालले आहे असे वाटते, आणि ते वाटणे सुखाचे असते. पण प्रत्येक फेरीला इंजिनाला स्वतःचेच घर्षण, हवा ओढणे-ढकलणे, पंखा आणि पंप यांचा खर्च भागवावा लागतो. काम हलके असेल, म्हणजे कल्टिव्हेटर, पेरणी, हलका कुळव अशा वेळी, इंजिनाची निम्मी ताकदही वापरली जात नाही. तेव्हा एक-दोन गियर वर टाकून रेस खाली आणली की तोच वेग कमी फेऱ्यांत मिळतो. त्यातून हलक्या कामात 15 ते 30 टक्क्यांपर्यंत डिझेल वाचू शकते, आणि त्यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही. मर्यादा अर्थात आहेत. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या अवजाराला मिनिटाला 540 फेऱ्या हव्या असतील तर तिथे मनमानी चालत नाही, आणि जड नांगरटीत रेस फार उतरवली की इंजिन गुदमरते. ते गुदमरते आहे का, हे पाहण्याची मामांची रीत अशी होती की चालत्या कामात रेस झटकन वाढवायची. इंजिनाने लगेच उचल घेतली तर त्याच्यात अजून दम आहे. नुसता काळा धूर सोडून ते तसेच राहिले तर गियर खाली घ्यायचा. ही परीक्षा मी आजही दिवसातून दोन-तीनदा करतो.

वेगाबद्दलही माझा अंदाज चुकलेला होता. लवकर संपवले तर डिझेल कमी लागेल, असे मी धरून चाललो होतो. रशियन शास्त्रज्ञ वसिली गोर्याच्किन यांनी नांगराच्या ओढीचे जे सूत्र मांडले, त्यात ओढीचा एक भाग वेगाच्या वर्गाने वाढतो, कारण माती बाजूला फेकायला ऊर्जा लागते. ताशी 5 किलोमीटरवरून 7 वर गेलो तर तो भाग 25 वरून 49 वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. सगळी ओढ दुप्पट होत नाही, हे खरे; पण तासामागे माती दूरवर उडताना दिसू लागली की ती माती डिझेलने उडवली जात आहे, एवढे मी समजून घेतो.

या सगळ्यांत मला सर्वांत रंजक वाटते ती चाकांची घसरण, कारण ती डोळ्यांसमोर घडत असते आणि तरी दिसत नाही. मागच्या चाकावर खडूची रेघ ओढून, नांगर वर उचलून, चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते आम्ही मोजले: 42 मीटर. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या मोजल्या: 34 मीटर. आठ मीटरांचे डिझेल जाळले होते, पण ते मीटर जमिनीला मिळाले नव्हते. घसरण 19 टक्के. चालकाच्या जागेवरून मला काहीही जाणवले नव्हते. माझ्या मते ट्रॅक्टर झकास चालला होता. टायरमधली हवा रस्त्यावरच्या कामासाठी भरलेली होती, ती टायरच्या तक्त्यात त्या भाराला दिलेल्या मर्यादेपर्यंत उतरवली, चाकांना वजने लावली, आणि दहा फेऱ्यांत 37 मीटर मिळू लागले, म्हणजे घसरण 12 टक्क्यांवर आली.

त्यावर उत्साहाने मी म्हटले की आणखी वजन टाकून घसरण शून्यावर आणू. मामा हसले. घसरण शून्य झाली याचा अर्थ ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झाला आहे; मग तो स्वतःचेच ओझे मऊ जमिनीतून ओढत राहतो, चाक सतत स्वतः केलेल्या खळग्यातून वर चढत राहते, आणि डिझेल त्या चढणीत जाते. जमिनीच्या घट्टपणाप्रमाणे 8 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान घसरण असणे हेच योग्य. खडू नसेल तेव्हा चाकाचा ठसा वाचावा: टायरच्या नक्षीचा ठसा स्वच्छ, साच्यातून काढल्यासारखा उमटला तर वजन जास्त आहे, ठसा पूर्ण पुसला गेला असेल तर वजन कमी आहे, मधोमध विस्कटलेला आणि कडेला ओळखू येणारा ठसा असेल तर पुढे चालावे. आणि हलक्या कामाला निघताना वजने काढून ठेवावीत, जे जवळपास कोणीच करत नाही, कारण ती काढायला कंबर लागते.

वळणे, लांब तास, बंद न केलेले इंजिन, धुळीने भरलेला एअर फिल्टर यांवर बरेच लिहिले गेले आहे आणि ते सारे बरोबर आहे. त्यांतून थोडे-थोडे वाचते, रोज वाचते. मी त्यावर थांबत नाही, कारण वहीतले मोठे फरक त्यांनी पडलेले नव्हते.

मोठे फरक पडले होते ते तारखांनी. तेच शेत, तोच नांगर, तोच ट्रॅक्टर, तीच काठीने मोजलेली खोली, आणि तरीही दोन वर्षांच्या नोंदींत चौथ्या हिश्शाचा फरक. कारण वाफसा. जमिनीत ओल नेमकी इतकी असावी की मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचले तर तो फुटावा, या अवस्थेला मराठीने एका शब्दात पकडले आहे. वाफशाआधी, ओली असताना जमिनीत गेलो तर चाके घसरतात, फाळ मातीला चोपडून काढतो आणि चाकांखालची माती दबते. वाफसा उलटून गेल्यावर गेलो तर माती दगड होते, ओढ वाढते आणि मोठी ढेकळे निघतात. गंमत अशी की या चुकीचे डिझेल नांगरटीच्या रकान्यात पूर्णपणे दिसतही नाही. ढेकळे फोडायला डिस्क हॅरोच्या एकाऐवजी तीन पाळ्या लागतात, आणि दर पाळीचे पाच-सहा लिटर दुसऱ्याच पानावर जातात. ओल्यात दाबलेली माती तर पुढच्या वर्षी येऊन आपले डिझेल मागते, तोपर्यंत आपण मागची घाई विसरलेले असतो. चाकांच्या धुऱ्यावर जास्त भार असलेल्या ट्रॅक्टरने खोलवर दाबलेला थर कित्येक वर्षे तसाच राहतो.

नांगरलेच नाही तर? बिननांगरणीच्या पेरणीला हेक्टरी चार-पाच लिटरांत भागू शकते, हे खरे आहे आणि आकडा मोहात पाडणारा आहे. मी काही शेतांत तसे केले आहे, काहींत नाही. नांगर थांबवला की तण दुसऱ्या वाटेने हिशेब मागते, तणनाशकाचा वापर वाढतो, आणि पहिली काही वर्षे जमीन नव्या पद्धतीला रुळण्यात जातात. म्हणून या प्रश्नाला माझे उत्तर प्रत्येक शेतापुरते वेगळे आहे. शिवाय प्रमाणाचे भानही हवे: एक किलो नत्र खताच्या रूपात बनवायला साधारण 35 ते 50 मेगाज्यूल लागतात, म्हणजे हेक्टरी 100 किलो नत्र टाकणारा शेतकरी 100 लिटर डिझेलइतकी किंवा त्याहून जास्त ऊर्जा गोणीतून आणतो. नांगरटीचे चार लिटर वाचवून मी ज्या अभिमानाने मिरवत होतो, तो हे गणित केल्यावर बराच ओसरला. तरी डिझेल मी स्वतःच्या हाताने जाळतो, आणि प्रत्येक लिटरमागे अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. म्हणून वही चालू ठेवली.

मामांनी ट्रॅक्टर चालवणे सोडले तेव्हा ती वही माझ्याकडे आली. मी तिचे रकाने तसेच ठेवले. गेल्या हंगामाच्या शेवटी मी त्यांना माझी पाने दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून एक-एक ओळ वाचली, मध्ये कुठेही काही बोलले नाहीत, आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. खोली बरोबर होती, गियर बरोबर होता, लिटर पाच जास्त होते.

“इथं वाफसा नव्हता,” ते म्हणाले.

“दोन दिवस थांबायला हवं होतं, मामा.”

“मग ते लिही की.”

मी पेन काढला आणि त्या ओळीच्या शेवटी, रकान्याबाहेरच्या कोऱ्या जागेत, आधीचा पाऊस कोणत्या तारखेला पडला होता ते लिहिले.